टेबलापलीकडची बाई

२ फेब्रुवारी

ठमे,

तुझा एका ओळीचा निरोप मिळाला. "आई, घरी परत जाणार आहेस की नाही, एवढंच कळव. बाकी काही नको."

एवढंच तर मला कळत नाहीये. म्हणून बाकीचं लिहिते.

फोनवर आपलं जमत नाही. माझं वाक्य पुरं व्हायच्या आत तुझं सुरू होतं, मग माझा आवाज चढतो, मग तू फोन ठेवतेस. पत्राचं बरं असतं, वाचणाऱ्याला मध्ये तोंड घालता येत नाही. फार तर फाडून टाकशील. पण तू फाडणार नाहीस. लहानपणी चॉकलेटचे कागदसुद्धा जपून ठेवणारी पोर तू.

तुझे मुद्दे मला पाठ आहेत. या वयात हे काय सुचलं, हा पहिला. शिकायचंच होतं तर घरून शिकता आलं असतं, बसने पाऊण तास तर आहे, हा दुसरा. आणि बाबांनी तुझं काय घोडं मारलं होतं, हा तिसरा आणि सगळ्यात मोठ्या आवाजातला. पहिल्याला माझ्याकडे उत्तर आहे. शाळेत चित्रकलेच्या बाई म्हणून जन्मभर दुसऱ्यांच्या पोरांच्या हत्तींना सोंडा काढून दिल्या, निवृत्त झाल्यावर वाटलं, आता आपला स्वतःचा हत्ती काढावा आणि तो चालवूनही बघावा. म्हणून ॲनिमेशनचा कोर्स. दुसऱ्या आणि तिसऱ्या मुद्द्याला उत्तर नाही. खरंच बसने पाऊण तास आहे. खरंच त्यांनी घोडं मारलेलं नाही. ते ओरडत नाहीत, पीत नाहीत, मीठ कमी पडलं तरी मुकाट जेवतात. अशा माणसाला सोडून एखादी बाई गेली असं मी ऐकलं असतं, तर मीच तिला चार शब्द सुनावले असते.

"सोडून" लिहिलं का मी? सोडून नाही. एका वर्षासाठी. निघताना मी तसंच म्हणाले आणि ते "बरं" म्हणाले. ते वर्ष पुढच्या महिन्यात संपतंय. घरमालकीण रोज जिन्यात गाठून विचारते, खोली पुढे ठेवणार का. तिचा आणि तुझा प्रश्न एकच आहे, तेव्हा दोघी मिळून ताटकळत राहा.

आमचं परीक्षेचं काम सुरू झालंय. चौघांनी मिळून एका गाण्याचा व्हिडिओ करायचा. गटातल्या एकाने गाणं लिहिलं आणि गायलं, दुसऱ्याने कॅमेरा धरला. दिग्दर्शन करणारी मुलगी तुझ्यापेक्षा बरीच लहान आहे. तिला सगळे डायरेक्टर म्हणतात आणि तीही ओ देते. मी काकू. काकूकडे दोन कामं. शूट केलेल्या तुकड्यांची जुळणी करायची, म्हणजे एडिटिंग, आणि मग त्यावर चित्रं काढून ती हलवायची. खरं घर, खरा माणूस आणि त्यात मी काढलेली रेषांची बाई. गाण्यातल्या माणसाची बायको गेलीये. मेली की निघून गेली ते गायकालाही नक्की माहीत नाही. "तू गेल्यापासून घड्याळ मोठ्याने वाजतं" अशी सुरुवात आहे. तो माणूस घरभर एकटा वावरतो आणि त्याला ती दिसत राहते.

आता तुला कुठून तरी कळेलच, त्यापेक्षा मीच सांगते. तो माणूस म्हणजे तुझे बाबा.

गायकाच्या वडिलांनी ऐन वेळी अंग काढून घेतलं. डायरेक्टरने माझ्या फोनवर फोटो बघितला. "काकू, हे कोण? चेहरा भारीये."

"ते आमच्या घरचे."

"विचाराल का त्यांना? आणि घरपण मिळेल का?"

या मुलांना एवढंच माहीत की काकू जवळ पडावं म्हणून इथे राहतात. मी फोन केला. नाही म्हणतील अशी माझी खात्री होती. गाणं कशाबद्दल आहे ते सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "दाढी करायची का?"

शूटिंगला मी गेले नाही. ताप होता.

तुझी,
आई

८ फेब्रुवारी

ठमे,

ताप नव्हता.

मुलांच्या हातात किल्ली दिली, कुठला दिवा कुठल्या बटणाने लागतो ते सांगितलं आणि इथे पलंगावर बसून राहिले. का ते विचारू नकोस, मीही विचारलं नाही.

पण पळून पळून जाणार कुठे? आता सगळं शूटिंग माझ्याच पुढ्यात आलंय. संस्थेच्या तळघरात आमची एडिटिंगची खोली आहे. खिडकी नाही, भिंतींना काळा रंग, चार पडदे आणि एक पंखा, जो गाणं लावलं की बंद करावा लागतो. तिथे मी दिवसभर आपलं घर बघते. पायपुसणं उलटं टाकलंय. कपांचे कान भिंतीकडे केलेत. खिडकीतली कुंडी आत आणली आहे, म्हणजे तिला ऊन मिळत नसणार.

आणि बाबा. एका सेकंदात पंचवीस चित्रं असतात. मला हवी तिथे ती थांबवता येतात, मागे नेता येतात, डोळ्याजवळ आणता येतात. लग्नाआधी दाखवलेल्या फोटोकडेही मी इतकं टक लावून बघितलं नव्हतं. कप उचलण्याआधी ते अंगठ्याने त्याची कड पुसतात. हे मला माहीत नव्हतं. इतकी वर्षं त्या माणसाला कप कुणी दिले?

पण काम अडलंय. कशावर अडलंय ते नीट सांगते.

जी बाई तिथे नाही तिच्याकडे माणसाने बघायचं असलं, तर ती जिथे असणार तिथे काहीतरी खूण लावतात, नाहीतर नजर भलतीकडे जाते आणि नंतर चित्र तिथे बसत नाही. जेवणाच्या टेबलाशी ते बसतात, समोर रिकामी खुर्ची. डायरेक्टरने त्या खुर्चीच्या मागे एक काठी उभी केली आणि बसलेल्या बाईचं डोकं येईल तिथे तिच्यावर पिवळी पट्टी चिकटवली. "काका, इथे तुमच्या मिसेस आहेत असं समजा आणि बोला." आवाज ऐकू येतो तिचा. बाबा मान डोलावतात, समजलं म्हणतात. कॅमेरा सुरू होतो. आणि ते पट्टीकडे बघतच नाहीत.

खाली बघतात. पट्टीपासून चांगलं हातभर खाली. टेबलाच्या कडेपाशी, थोडं डावीकडे. एकदा नाही, प्रत्येक वेळी. घरातल्या बोळाच्या दृश्यातही तसंच. पट्टी दारात, उभ्या बाईच्या उंचीवर, आणि हे बघतात गुडघ्याच्या उंचीवर. पलंगाच्या दृश्यात तर जवळजवळ जमिनीकडे.

बरं, बघतात ते असं, की कुणीतरी तिथे आहे यात शंकाच राहू नये. डोळे एका जागी ठरलेले, चेहरा सैल पडलेला. आम्हाला शिकवणाऱ्या सरांनी बघितलं आणि म्हणाले, "हे अभिनय करत नाहीयेत. कुणाला तरी बघतायत." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "काकू, कुणाला?"

मी काय सांगणार कपाळ?

आई

१५ फेब्रुवारी

ठमे,

आठवडाभर त्या बाईने माझा पिच्छा पुरवलाय.

आधी तिला खुर्चीत बसवली. डायरेक्टर हसत सुटली. "काकू, काका तिच्या पोटाशी बोलतायत." मग खुर्ची तशीच ठेवून बाई लहान केली, तर ती उशीवर ठेवलेल्या बाहुलीसारखी दिसायला लागली. मग बाई काढूनच टाकली आणि मांजर काढलं. मांजर छान बसलं, पण मांजरासाठी इतकं व्याकूळ होऊन गाणं कोण म्हणेल? वर सरांचं वेगळंच. "हिला सावली नाही, काकू. सावली नाही म्हणून वजन नाही. चिकटवल्यासारखी दिसते." मूळ दुखणं कुठे आणि हे मलम कुठे लावतात.

चार दिवस मी नाचता येईना अंगण वाकडं म्हणत तुझ्या बाबांना दोष दिला. साधं पट्टीकडे बघायचं होतं. एवढं तरी ऐकायचं. मग पाचव्या दिवशी बस चुकली म्हणून चालत येत होते, समोरून एक बाई पोरीला शाळेत घेऊन चालली होती. पोर आईच्या कमरेला लागत होती. आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. त्या उंचीला त्या घरात कोण असायचं? तू.

तळघरात जाऊन मी तुला काढली. चार वर्षांची. मी घरी कापलेली, डावीकडे चढलेली झुलपं, एका पायात मोजा. टेबलाची कड हनुवटीला टेकवून बाबांकडे बघणारी. ठमे, किल्ली कुलपात बसावी तशी बसलीस. बोळात तू भिंतीवर रेघोट्या मारतेस आणि पलंगाच्या दृश्यात पलंगाखाली काहीतरी शोधतेस. प्रत्येक ठिकाणी त्यांची नजर थेट तुझ्या डोळ्यांत. डायरेक्टरने डोळे पुसले. गायक म्हणाला, त्याच्या गाण्यात मुलगी आहे हे त्यालाच माहीत नव्हतं. सरांनीसुद्धा सावलीचं नाव काढलं नाही.

सगळे खूश. मी घरी आले आणि जेवलेच नाही.

आता लिहितेच. मला वाईट वाटलं. समोर बायको आहे समजा म्हटल्यावरही त्या माणसाला बायको दिसली नाही, मुलगी दिसली. मी गेले काय नि राहिले काय. तू जिंकलीस. कशात ते मला सांगता येत नाही, आणि आईने मुलीला असं लिहू नये हेही कळतं. पण तुझ्या प्रश्नाचं उत्तर सोपं झालं असं मला वाटलं. ज्या घरात मी कुणाला दिसतच नाही तिथे परत कशाला जायचं? मग लगेच वाटलं, त्या घरात ते एकटे बसून चार वर्षांच्या पोरीची वाट बघतायत, मग तर जायलाच हवं. दोन्ही एकदम वाटतं. बस चढताना एक आणि उतरताना दुसरं.

आई

१९ फेब्रुवारी

ठमे,

दोन महिन्यांत पहिल्यांदा तुझे तीन निरोप लागोपाठ आले. म्हणजे पत्रं वाचतेस तर.

"ती मी नाही."

"ते टेबल मी दहावीत असताना आलं. त्याआधी आपण खाली बसून जेवायचो."

"आणि मी चार वर्षांची असताना बाबा परगावी नोकरीला होते. विसरलीस?"

विसरले नव्हते. पण चित्र इतकं चपखल बसलं की मी आठवणीला गप्प बसवलं. टेबल तुझ्या दहावीतलं, आणि दहावीत तू माझ्यापेक्षा चार बोटं उंच होतीस. त्या टेबलाच्या कडेला तुझी हनुवटी कधी टेकलीच नाही.

मग तिथे कोण आहे, ठमे? माझ्या डोक्याचं पार भरीत झालंय. मुलांना अजून काही सांगितलेलं नाही. त्यांच्या लेखी काम झालंय.

रविवारी घरी जाते. जाते म्हणजे परत जात नाही, जाऊन येते. जमिनीवर उजेड कसा पडतो त्याचे फोटो हवेत, सावलीसाठी. असं मी त्यांना फोनवर सांगितलं. ते "बरं" म्हणाले.

आई

२३ फेब्रुवारी

ठमे,

पर्समध्ये किल्ली असून मी बेल वाजवली. किल्लीने उघडावं तर घरची, बेल वाजवावी तर पाहुणी. दारात उभी राहून मी बराच वेळ याचा काथ्याकूट केला आणि शेवटी बेल वाजवली. त्यांनी दार उघडलं. "ये," म्हणाले.

घर चांगलं होतं. खोटं कशाला बोलू, माझ्याशिवाय ते विस्कटलं असेल अशी माझी आतून आशा होती. कुठेच काही नाही. स्वयंपाकही त्यांनीच केला होता. वाढलंसुद्धा. मीठ कमी होतं. मी बोलले नाही.

जेवताना आम्ही तुझ्याबद्दल बोललो, तुझ्याकडच्या थंडीबद्दल, वरच्या मजल्यावरच्या गळतीबद्दल. मी फोटो काढले. ते मागे उभे राहून पडदा हवा तसा सरकवत होते. मग पुन्हा टेबलाशी आलो. त्यांनी पाणी ओतून घेतलं, पेला कलंडला, पाणी टेबलावरून खाली गेलं. मी फडकं घेतलं आणि पुसायला लागले. पुसता पुसताच विषय काढला, कारण समोरासमोर विचारायला मला धीर होत नव्हता.

"त्या दिवशी त्या मुलीने सांगितलं होतं ना, समोर बायको आहे असं समजा म्हणून?"

"हो."

"पिवळी पट्टी लावली होती. तिच्याकडे बघायचं होतं."

"माहितीये."

"मग तुम्ही कुठे बघत होता?"

"तुझ्याकडे."

"अहो, पण मी कुठे होते?"

त्यांनी कलंडलेला पेला सरळ केला. "आत्ता आहेस तिथेच की," म्हणाले.

मी वर बघितलं. मी जमिनीवर गुडघे टेकून होते, टेबलाच्या कडेपाशी, त्यांच्या थोडं डावीकडे, हातात ओलं फडकं. आणि ते माझ्याकडे बघत होते. तीच नजर, ठमे. तोच सैल पडलेला चेहरा. दोन आठवडे मी जिचं एकेक चित्र थांबवून पाहिलं होतं, ती माझ्या कपाळावर येऊन थांबली होती. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात तो याहून मोठा कुणी घातला नसेल. मांजर काढून झालं, मुलगी काढून झाली, आणि फडकं घेऊन खाली बसलेली मी माझ्याच लक्षात आले नव्हते.

"पट्टी होती तिथे तू कधी बसलीस?" ते म्हणाले. टोमणा नव्हता, त्यांना टोमणे येत नाहीत. "मी खूप आठवून बघितलं. तिथे तुझा चेहरा येईचना. मग जिथे आला तिथे बघितलं."

बोळात मी खालच्या कपाटात डोकं घालून असते. पलंगाशी चादर खोचत असते. मी विचारलं नाही, त्यांनी आपणहून सांगितलं, एखाद्याला घराचा पत्ता समजावून द्यावा तसं.

मी फडकं पिळलं, वाळत टाकलं आणि निघाले.  बसमध्ये मला राग आला, पण कुणाचा ते ठरेना. वर्षभर मी मनातल्या मनात घोकत होते की या माणसाने मला कधी बघितलंच नाही. बघितलं होतं. बोटभरही चूक न करता बघितलं होतं. आणि मला मान वर करून कधी दिसलं नाही की कुणी बघतंय. आता याचं सुख मानू की दुःख? तू सांग. नाही, तू नको सांगूस, तू बाबांचीच बाजू घेशील.

आई

१ मार्च

ठमे,

घाईत लिहिते. मुलगी काढून टाकली. तुला कळवलेलं बरं.

डायरेक्टरशी कडाक्याचं वाजलं. "काकू, सगळ्यांना आवडलीये ती. आणि आता आठवड्यात नवं काढून होणार आहे का?"

"ती मुलगी तिथे नव्हती."

"काकू, हा व्हिडिओ आहे. पंचनामा नाही."

मग मी तिला सगळं सांगितलं. घर, वर्ष, फडकं, सगळं. ती मोठ्या डोळ्यांनी ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, "म्हणजे हे गाणं तुमचंच..." आणि वाक्य तिथेच सोडून माझ्यासाठी कॉफी आणायला गेली.

पहिल्यांदा जे खरं होतं तेच काढलं. वाकलेली बाई, हातात फडकं. नजर तंतोतंत जुळली. काही म्हणता काही चूक नव्हती. सावली दिली, वजनही आलं. एकदा सगळं लावून बघितलं आणि पुसून टाकलं. ती बाई पुन्हा पुन्हा तेच पुसत होती, आणि मीच तिला ते करायला लावत होते. माझं मन होईना.

मग तिला खुर्चीत बसवली, ताठ. पट्टीच्या जागी डोकं. राहिली त्यांची नजर, हातभर खाली. ती जिथे पडते, टेबलाच्या कडेवर, तिथे मी तिचे हात ठेवले. रिकामे. ते तिच्या हातांकडे बघतात. इतकं सोपं होतं.

सोपं म्हणजे बसवायला सोपं. काढायला नाही. काही न करणारे हात मला येतच नाहीत. सेकंदाच्या पंचवीस चित्रांतलं एकाआड एक काढायचं, आणि चार-पाच चित्रं झाली की ते हात आपोआप कपाकडे निघतात, नाहीतर टेबलावरचा कण टिपायला लागतात. मी पुसते, पुन्हा काढते. शाळेत पोरांना सांगायचे, हात काढायचा असेल तर आपला हात समोर ठेवून बघा. ठेवला. तोही स्थिर राहीना.

बोळात ती दाराला टेकून उभी आहे आणि हात खाली सोडलेत. पलंगाच्या दृश्यात ती जमिनीवर पाय पसरून बसलीये. बाकी काही नाही.

सर काल मागे उभे राहून बघत होते. "आता बसली," एवढंच म्हणाले.

आई

९ मार्च

ठमे,

उत्तर आधी लिहिते, म्हणजे तुला शोधावं लागणार नाही. नाही. घरी परत जाणार नाही. घरमालकिणीलाही सांगितलं. का, ते मला अजून तुझ्यासारखं एका ओळीत सांगता येत नाही. ते वाईट आहेत म्हणून नाही, आणि माझं त्यांच्यावाचून अडत नाही म्हणूनही नाही. अडतं. पण त्या घरात पाय ठेवला की माझे गुडघे आपोआप जमिनीला टेकतात. त्यात त्यांचा दोष किती, माझा किती, हा हिशेब मला येत नाही. मला एवढंच माहीत आहे की इथे ते टेकत नाहीत. तू रागावशील. रागाव. आता बाकीचं.

काल परीक्षकांसमोर सगळ्या गटांचे व्हिडिओ दाखवले. घरच्यांना बोलावलं होतं. बाबा आले. दाढी करून आले. माझ्या शेजारी बसले. डायरेक्टर मागच्या रांगेत होती आणि तिचं सगळं लक्ष पडद्यापेक्षा आमच्या दोघांच्या मानांकडे होतं.

आमचा लागला. मी पडदा बघितलाच नाही, पाठ आहे मला. मी त्यांच्याकडे बघत होते. संपल्यावर लोकांनी टाळ्या वाजवल्या. ते वाजवायचे विसरले. दुसऱ्या गटाचा सुरू झाल्यावर माझ्याकडे झुकून हळूच म्हणाले, "ती तू?"

"हो."

"हातात काही नाही तिच्या."

"नाही."

"काही करत नाही का ती?"

"बसलीये."

 तो व्हिडिओ अर्धा होऊन गेला, तेव्हा ते म्हणाले, "बसू दे."

ठमे, या माणसाने मला आयुष्यात साड्या दिल्या नाहीत की फुलं दिली नाहीत, ते मी कधी मनावर घेतलं नाही. पण हे दोन शब्द ऐकून अंधारात मी ढसाढसा रडले. मागून डायरेक्टरचा हात खांद्यावर आला. तिलाही रडू येत होतं. तिला तर काय, मांजरावरही आलं असतं.

निकाल चांगला लागला. बाहेर पायऱ्यांवर मुलं फोटो काढत होती. आम्ही दोघं कडेला उभे होतो. मी सांगून टाकलं. "मी खोली ठेवलीये. पुढेही."

ते "बरं" म्हणतील असं वाटलं. त्यांनी म्हटलं नाही. तोंड उतरलं त्यांचं, स्पष्ट उतरलं. ते पायरीकडे बघत राहिले आणि माझा निश्चय तिथेच पातळ व्हायला लागला. मी आणखी थोडा वेळ तशी उभी राहिले असते तर बसमध्ये त्यांच्या शेजारी बसले असते, हेही तुला लिहून ठेवते. मग त्यांनी विचारलं, "बघू का? खोली?"

माझ्या खोलीवर आलो. ते खुर्चीवर बसले. मी समोर पलंगावर. उठून काहीतरी करावं म्हणून माझा जीव तळमळत होता. पाणी द्यावं, खिडकी उघडावी, त्यांच्या पायाजवळचा कागद उचलावा. मी हात मांडीखाली दाबून बसले.  त्यांनी खिडकी बघितली. टेबलावरचा ढीग बघितला. भिंतीवर लावलेली हातांची चित्रं एकेक करून बघितली. खोली लहान आहे, बघण्यासारखं लवकर संपतं.

मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. चेहऱ्याकडे. बराच वेळ.

"केस पांढरे झाले तुझे," म्हणाले.

"केव्हाच झाले," मी म्हटलं.

तुझी,
आई